दहा तबकड्यांचे विश्वस्त

जाझ ऐकायला सुरुवात कुठून करावी, असं कुणी सहज विचारलं की चार दर्दी मंडळींतले एक गृहस्थ लगेच सरसावून बसतात. त्यांना आपण शिफारसकर म्हणू. प्रश्न पुरता संपायच्या आत त्यांची यादी सुरू झालेली असते: माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’, डेव्ह ब्रुबेकचा ‘टाइम आउट’, चार्ल्स मिंगसचा ‘मिंगस आह अम’, हे तिन्ही १९५९ चे, मग जॉन कोल्ट्रेनचा ‘अ लव्ह सुप्रीम’. इथवर सगळं ठीक असतं. बिनसतं ते विचारणाऱ्याने खरोखरच ‘काइंड ऑफ ब्लू’ ऐकून तो आवडल्याचं कळवल्यावर. “हं, तो सगळ्यांनाच आवडतो,” असं म्हणताना शिफारसकरांचा चेहरा उतरतो. आग्रह करकरून जिलबी वाढायची आणि खाणाऱ्याने ‘छान’ म्हटलं की त्याच्याच जिभेबद्दल शंका घ्यायची, त्यातलाच हा प्रकार. एकट्या अमेरिकेत पन्नास लाख प्रती खपल्या, हा त्या अल्बमचा अपराध त्यांच्या लेखी अक्षम्य आहे.

पुढचा प्रश्न असतो, ऐकलीत ती प्रत कुठली? २ मार्च १९५९ रोजी पहिल्या बाजूच्या तीन रचना मुद्रित होताना टेपयंत्र किंचित हळू फिरत होतं. त्यामुळे ती बाजू कित्येक वर्षं जरा चढ्या सुरात वाजत राहिली. १९९० च्या दशकात ती चूक सुधारली गेली. शिफारसकरांच्या हिशेबी सुधारलेली प्रत ऐकणाऱ्याने मूळ ऐकलेलं नसतं आणि मूळ ऐकणाऱ्याने खरं ऐकलेलं नसतं. ब्लू नोट या जाझ-कंपनीची जुनी तबकडी हाती लागली, तर सुई टेकवण्याआधी ते ती दिव्याखाली तिरपी धरतात आणि लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीत कानाच्या आकाराची बारीक खूण शोधतात. ती प्लॅस्टिलाइट कारखान्याची खूण. ती दिसली म्हणजे माल अस्सल. तबकडीचा कान सापडल्याचा आनंद एवढा मोठा असतो, की स्वतःचे दोन वापरायचं पुष्कळदा राहूनच जातं.

या यादीतलं संगीत उत्तमच आहे. तक्रार आहे ती तिच्या मापाबद्दल. लाँगप्ले तबकडी बाजारात आली १९४८ साली. त्याआधीच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. लुई आर्मस्ट्राँगने १९२५ ते १९२८ या काळात ‘हॉट फाइव्ह’ आणि ‘हॉट सेव्हन’ या चमूंबरोबर जाझमध्ये एकलवादनाला मानाचं पान मिळवून दिलं, ते याच तीन मिनिटांत. न्यू ऑर्लिन्सच्या बडी बोल्डनची गणना जाझच्या आद्य वादकांत होते, पण त्याचं एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. गोव्याचा आन्तोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, याने मुंबईच्या हॉटेलांत ट्रम्पेट गाजवला आणि १९५१ च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांच्या संगीताला ताल-रंग चढवला. शिफारसकरांच्या दहांत यांतला एकही नसतो. ज्याचं संगीत बाराइंची तबकडीत आणि देखण्या चौकोनी वेष्टनात बसलं तो अत्यावश्यक, उरलेले इतिहासजमा.

यावर शिफारसकर म्हणतील, नवख्याला काहीतरी बोट धरायला हवंच ना? हवंच. शिवाय लाँगप्लेमुळे लांब वादनाला जागा मिळाली, हेही खोटं नाही. १९५६ साली न्यूपोर्टच्या जाझ महोत्सवात ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात पॉल गोन्साल्व्हिसने लागोपाठ सत्तावीस आवर्तनं सॅक्सोफोन वाजवला; तो तीन मिनिटांच्या तबकडीवर कसा मावला असता? पण मग त्या यादीला ‘गाजलेल्या लाँगप्ले’ एवढंच म्हणावं, अख्ख्या जाझची सनद म्हणू नये. बाकी शिफारसकर माणूस दिलदार असतो. स्वतःच्या पैशाने घेतलेलं संगीत स्वतःच्या वेळेत दुसऱ्याला ऐकवणारी माणसं काही पैशाला पासरी मिळत नाहीत. तेव्हा त्यांना टाळू नका, फक्त प्रश्न बदला. दहा अल्बम विचारू नका. एकच तीन मिनिटांची रचना मागा आणि ती वाजत असताना बोलायचं नाही, अशी अट घाला.