डबल बेलच्या आत

ड्रायव्हर चहाला गेलेला, कंडक्टर कंट्रोलरच्या खिडकीशी नोंद करत उभा, आणि गाडी स्वारगेटच्या फलाटावर उन्हात तापतेय. नेमका तेव्हा तो चढतो. खांद्याला बॅग, एका हातात सोलणी, दुसऱ्यात काकडी. वेळ किती मिळणार हे त्यालाही ठाऊक नसतं; डबल बेल पडली की खेळ खलास. त्यामुळे नमस्कार-चमत्कार, स्वतःचं नाव, कंपनीचं नाव, सगळ्याला फाटा. तो थेट काकडी सोलायला लागतो. साल कागदासारखी पातळ, सलग, खाली लोंबत जाते आणि मोबाइलात बुडालेली अख्खी गाडी ती तुटतेय का ते बघत बसते. (आमच्या हापिसात प्रेझेंटेशन सुरू होतं ते संस्थापकांच्या फोटोपासून. काकडी येईपर्यंत निम्मे लोक पेंगलेले.)

साल तुटायच्या आत तो तोंड उघडतो. "ताई, अर्धंच तिकीट लागलं ना? उरलेल्या अर्ध्यात घरी काहीतरी न्या की!" मार्च 2023 पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट झालं. त्या निर्णयाचा इतका बारीक अभ्यास अर्थखात्यानंही केला नसेल. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर तिकीटच नाही, म्हणून तिथं आवाज आणखी मऊ. "बाबा, तुमचा तर प्रवासच फुकट. दातांचं काय घेऊन बसलात, पातळ काप करून खायचे."

मग भाव. "दुकानात शंभर. आपल्याकडं ऐंशी नाही, साठ नाही, पन्नासही नाही..." आणि इथं तो गप्प होतो. त्याची खरी कला ती हीच. कुणालातरी राहवत नाहीच. "अहो, मग कितीला?" झालं! आतापर्यंत तो एकटा बडबडत होता, आता सौदा सुरू झाला. "तीसला एक, पन्नासला दोन." तोवर प्रत्येकाच्या मांडीवर एकेक सोलणी येऊन पडलेली असते. "बघायला पैसे नाहीत, काका." मांडीवरची वस्तू परत करताना आपल्या माणसाला उगाच ओशाळल्यागत होतं, हे त्याला पक्कं माहीत. खिडकीजवळच्या काकू "घरी तीन पडल्यात" असं पुटपुटत चौथी घेतात.

आणखी एक गोष्ट तो चढण्याआधीच उरकतो: गाडीची पाटी वाचतो. बार्शीच्या गाडीत त्याची सासुरवाडी बार्शी, फलटणच्या गाडीत फलटण. सोलणीबद्दल शंका घेणारे जावयाबद्दल सहसा घेत नाहीत. एका खवचट गृहस्थांनी मात्र पन्नासची नोट पुढं करत विचारलंच, "बार्शीत नक्की कुठं हो सासुरवाडी?"

"स्टँडच्या मागंच की!" म्हणाला, वीस रुपये परत केले आणि डबल बेलवर उडी मारून विट्याच्या गाडीकडं निघाला.