वाचकाचा वेळ

रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम छापले. त्यातला चौथा: वाचकाचा वेळ वाचवा. खाप्याच्या आमच्या वाचनालयात वाचक वेळ घालवायलाच येतो, तर मी वाचवू काय? सकाळी कुलूप काढायच्या आधीच पायरीवर तिघं. "काहून भाऊ, पेपर नाही आला अजून?" एक निधनवार्ता धरतो, दुसरा संत्र्याचे भाव, तिसरा पहिल्याचं पान सुटायची वाट बघतो. दुपारी स्पर्धा परीक्षेची पोरं; पुस्तकं त्यांची, पंखा आमचा. ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे दर्जे असतात. माझं मानधन मात्र अजून बालवाडीत. बारा ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, रंगनाथनांच्या फोटोला हार घालतो, पावती जपून ठेवतो. चुकून कोणी पुस्तक मागितलंच, तर तिघंही पेपर खाली करून त्याच्याकडे बघतात.