पंधरा मिनिटांत अडीचशे शब्द

लेखकाने उशिरा उठावे, संपादकाला चार-चार फोन करायला लावावेत आणि मग तीन पाने हातावर ठेवून ‘आतून आलं तेवढंच दिलं’ म्हणावे, अशी आपली साधारण समजूत असते. अँथनी ट्रोलप (१८१५–१८८२) या इंग्रज कादंबरीकाराने ही समजूत अशी काही धुळीला मिळवली, की त्याच्याच देशबांधवांनी पुढे कितीतरी वर्षे त्याच्यावर राग धरला.

ट्रोलप पोटासाठी टपाल खात्यात होता. १८३४ साली लंडनच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटला, तिथे उशिरा येण्यावरून बोलणी खाल्ली, कर्ज करून ठेवले. १८४१ मध्ये आयर्लंडला बदली झाली आणि गडी पालटलाच. घोड्यावर मांड ठोकून गावोगावची टपालव्यवस्था तपासू लागला, कोल्ह्यांच्या शिकारीचा नाद लागला, लग्न झाले आणि कादंबरीही सुरू झाली. जर्सी बेटावर १८५२ साली रस्त्याच्या कडेला पत्रपेट्या उभ्या राहिल्या त्या त्याच्याच शिफारशीवरून. त्यापूर्वी ब्रिटनमध्ये अशी पेटी नव्हती. एखाद्याने एवढ्यावरच आयुष्य कृतार्थ मानून पेन्शन खाल्ली असती. या गृहस्थाने ४७ कादंबऱ्या लिहिल्या.

हे बाळकडू आईचे. वडील वकिलीत बुडाले, मग शेतीत बुडाले आणि शेवटी सावकारांना चुकवून सगळे कुटुंब बेल्जियममधल्या ब्रूज गावी जाऊन राहिले. घरात नवरा आजारी, मुलगा क्षयाने अंथरुणाला खिळलेला. फ्रान्सिस ट्रोलपबाईंच्या खोलीत औषधाच्या बाटल्या आणि शाईची दौत शेजारी-शेजारी असत. रात्रभर उशाशी बसायचे, आणि मध्येच उठून कादंबरीतल्या नाचगाण्याच्या मेजवान्या रंगवायच्या, कारण घर त्यावर चालत होते. पन्नाशी उलटल्यावर लिहायला लागलेल्या या बाईने शंभरावर खंड लिहिले. अशा घरात ‘आज मूड नाही’ हे वाक्य कोण उच्चारणार?

पुढे मुलाने हीच गोष्ट शिस्तीत बसवली. पहाटे साडेपाचला लिहायला बसायचे. उठवायला एक म्हातारा मोतद्दार. त्याला या कामाचे वर्षाला पाच पौंड जादा, आणि त्याने कॉफी घेऊन हजर व्हायचे. मला तर कादंबरीकारापेक्षा या मोतद्दाराचे जास्त वाटते. त्याला कोण उठवत होते, याचा इतिहासात पत्ता नाही. मग टेबलावर समोर घड्याळ. पहिला अर्धा तास कालचे वाचायचे, त्यानंतर दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द. न्याहारीपूर्वी हे सगळे उरकून साहेब कचेरीला मोकळे. रोजची पाने वहीत मांडायची, म्हणजे दांडी मारली की वही डोळे वटारणार. एक कादंबरी संपली आणि वेळ उरला तर दुसरी सुरू. आगगाडीत मांडीवर फळी ठेवून पेन्सिलीने लिहायचा. घरी बायको, रोझ, त्याची शाईने नक्कल करायची. (फळीचे कौतुक सगळे करतात. गाडीच्या हेलकाव्यातले ते अक्षर लावणाऱ्या रोझबाईंचे कुणी करत नाही.)

हेही खपून गेले असते. पण त्याने आत्मचरित्र लिहिले आणि त्यात कुठल्या पुस्तकाचे किती मिळाले याचा तक्ताच छापला. एकूण ६८,९३९ पौंड, १७ शिलिंग, ५ पेन्स. वरचे पाच पेन्ससुद्धा सोडले नाहीत! त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये ते पुस्तक बाहेर आले आणि रसिक हबकले. ज्या पानांवर आपण डोळे पुसले ती घड्याळ लावून लिहिलेली होती, हे कळल्यावर आपले अश्रू फसवून काढून घेतले गेल्यासारखे त्यांना वाटले असावे.

वास्तविक त्याच आत्मचरित्रात मिसेस प्राउडीची हकीकत आहे. बार्सेटशायरच्या कादंबऱ्यांमधली ही बिशपची बायको. नवऱ्याला आणि त्याच्या सगळ्या धर्मप्रांताला धाकात ठेवणारी. एकदा अथेनियम क्लबात ट्रोलप लिहीत बसला असताना दोन पाद्री कुरकुरताना त्याच्या कानी पडले, की हा लेखक तीच-तीच माणसे पुन्हा आणतो, आणि ती बाई तर नकोशी झाली आहे. ट्रोलप उठला, आपली ओळख दिली आणि आठवडा संपण्यापूर्वी तिला मारतो, असे सांगून आला. वक्तशीर माणूस, शब्द पाळला. १८६७ च्या कादंबरीत बाई गेल्या. मग मात्र हा हिशेबी टपालसाहेब हळहळत राहिला, तिच्या भुताची सोबत सुटत नाही म्हणू लागला. एवढी वर्षे तो तिच्याबरोबर राहिला होता. पंधरा मिनिटांचे बंधन फक्त हाताला होते.

१८८२ च्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी घरच्या मंडळींत एफ. अँस्टीची ‘व्हाइस व्हर्सा’ ही विनोदी कादंबरी मोठ्याने वाचली जात होती. ट्रोलप पोट धरून हसला, आणि हसता हसताच त्याला पक्षाघाताचा झटका आला. महिन्याभराने तो गेला. टेबलावरची ‘द लँडलीगर्स’ अर्धवट राहिली; वहीतली पुढची पाने कोरी होती आणि त्याबद्दल जाब विचारायला या खेपेस कुणी नव्हते.