जावई, लेन्स आणि तिबोटी खंड्या

अण्णांची तीनशे मिलीमीटरची लेन्स आमच्या घरात कुणी मागत नाही. पण जावयाने मागितली तर नाही म्हणायची सोय मराठी घरांत अजून झालेली नाही. म्हणून अण्णांनी लेन्स भावोजींच्या हाती दिली आणि तिच्यावर नजर ठेवायला मला सोबत धाडलं. पनवेलच्या एसटी स्टँडवर कर्नाळ्याला जायला पेणच्या गाडीत चढलो तेव्हा खिडकीजवळची जागा लेन्सच्या पिशवीला मिळाली. मी उभा.

पळस्पे फाट्याला गाडी मुंबई-गोवा महामार्गाला लागली आणि थोड्या वेळात शिरढोण आलं. "वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव, १८४५चा जन्म," मी म्हणालो. भावोजींनी तत्काळ कॅमेरा काढला. उजव्या बोटाने शटरचं बटण अर्धं दाबलेलं, आत मोटर घर्र घर्र करतेय आणि डावा हात फोकसची रिंग बरोबर उलट्या दिशेने पिळतोय.

"भावोजी, ऑटोवर आहे. रिंगला हात नका लावू."

"अरे, मदत करतोय तिला."

ही मदतच अशा लेन्सच्या मुळावर येते. तिच्यात स्वतःची मोटर नाही. मोटर कॅमेऱ्याच्या पोटात, आणि तिथून एक बारका स्क्रू लेन्सच्या बुडातल्या खाचेत शिरून आतली चाकं फिरवतो. बटण सोडलं तरी स्क्रू खाचेत असतोच. तेव्हा रिंग जोराने फिरवली की ताण थेट दात्यांवर येतो. कॅमेऱ्यावर लेन्सच्या बुडाशी एक खटका असतो. तो 'एम'वर नेला की स्क्रू मागे सरतो आणि रिंग हलकी होते. घट्ट लागली तर समजायचं, खटका अजून ऑटोवरच आहे. हे सगळं मी उभ्याने, दांडीला लोंबकळत सांगितलं. भावोजींआधी कंडक्टरला पटलं.

मिनोल्टा ७००० हा कॅमेरा १९८५ साली आला आणि पोटातल्या मोटरीची ही तऱ्हा जगभर गेली. दोनच वर्षांनी कॅननने मोटर उचलून थेट लेन्समध्ये बसवली. निकॉनने जुन्या लेन्सवाल्यांचा संसार मोडायला नको म्हणून स्क्रू बरीच वर्षं सांभाळला. अण्णांनीही.

कर्नाळ्याच्या फाटकावर आमच्या पिशव्या तपासल्या गेल्या. हे अभयारण्य १९६८चं, आता सुमारे बारा चौरस किलोमीटर. वर किल्ल्याचा सुळका अंगठा दाखवत उभा. पावसाळा लागला की इथे तिबोटी खंड्या येतो. रायगडचा जिल्हा पक्षी. जेमतेम तेरा सेंटीमीटरचा, पण अंगावर एवढे रंग की लग्नातल्या करवलीने लाजावं. मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो, त्यामुळे त्याच्या दारात तळ ठोकायचा नसतो. तळ ठोकणारे मात्र आमच्या आधी पोचले होते. अंगात झाडीत मिसळून जाणारे कपडे आणि डोक्यावर भगभगीत नारिंगी छत्री.

त्यांतले एक गृहस्थ तोफेएवढी लेन्स लावून ऑटोवरच बिनधास्त रिंग फिरवत होते. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. सासुरवाडीचं अज्ञान उघडं पडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"यांच्या लेन्सला आत मोटर आहे," मी घाईने म्हणालो. "मोटर चालू असताना हाताने फिरवलं तरी चालतं, तशी सोयच आहे." गृहस्थांनी बाजूचा खटका दाखवला: एम-ए आणि एम. शेजारच्या कॉलेजातल्या मुलीने तर आपला कॅमेराच पुढे केला. "काका, माझी फिरवा. हिची रिंग कशाला जोडलेलीच नाही, फिरवली की फक्त सिग्नल जातो. बंद असताना काहीच होत नाही." भावोजी ती बंद लेन्स बराच वेळ फिरवत बसले. एवढे शांत मी त्यांना साखरपुड्यानंतर पाहिले नव्हते.

मग खंड्या आला. ओढ्यावरच्या काटकीवर, चोचीत पाल. पावसाळी उजेड, समोर चार पानं, त्यामुळे अण्णांच्या लेन्सचा ऑटोफोकस गोंधळला: अनंतापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. भावोजींचा डावा हात शिवशिवला.

"खटका!" मी ओरडलो.

त्यांनी खटका एमवर नेला, रिंग हळूहळू फिरवली, अगदी शास्त्रशुद्ध. खंड्या तेवढ्यात उडाला. माझ्या आवाजाने उडाला असं नारिंगी छत्रीवाल्यांचं एकमत झालं, आणि आम्ही महामार्गावर परत आलो.

भावोजींना आता हाताने फोकस करायची गोडी लागली होती. लांबून एसटी दिसली. "थांब, पाटी वाचतो," म्हणत त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. खटका बघून घेतला. डावा हात लेन्सखाली, दोन बोटांनी रिंग, श्वास रोखलेला. गाडी जवळ येत होती, तशी रिंग सरकत होती. मी हात दाखवणार, तर तोच हात त्यांनी कोपराने खाली दाबला, फ्रेममध्ये येत होता म्हणून.

गाडी गेली. फोटो मी मोठा करून पाहिला. पाटीवरचं अक्षर न् अक्षर कोरल्यासारखं आलं होतं: अलिबाग-पनवेल, विनाथांबा.

"बघ," भावोजी म्हणाले, "हात दाखवून काय उपयोग होता?"