गाडी तिरकी घालणे

शॉकअप गेले की रस्ता गेला, हे पुण्यात राहून ठरवायचं कसं? गाडी धडधडते, कंबर बोलते, ग्लोव्ह बॉक्सचं दार आपणहून उघडून आतली पीयूसी शेजारच्याच्या मांडीवर ठेवतं. आता याचा गुन्हा गाडीवर नोंदवायचा, की परवा डांबर टाकून आज त्यातच चर खणणाऱ्यांवर? मी संशयाचा फायदा कायम गाडीला देत आलो. गाडीला म्हणजे अर्थात स्वतःला. १५ वर्षं पुरी करून, पर्यावरण कर भरून, पुढच्या ५ वर्षांचं पासिंग घेतलेली ही छोटी गाडी मी इतकी अलगद चालवतो, की तिचे शॉकअप झिजतीलच कशाला?

अलगद म्हणजे कशी, ते सांगायलाच हवं. सामान्य माणूस गतिरोधक दिसला की ब्रेक दाबतो आणि दाबलेल्या ब्रेकनिशीच त्यावर चढतो. निव्वळ अडाणीपणा. ब्रेक लागला की गाडीचं नाक खाली जातं, पुढच्या स्प्रिंगा आधीच दबतात आणि खरा धक्का येतो तेव्हा त्यांना दबायला जागाच उरत नाही. म्हणून वेग आधी उतरवायचा आणि चाक टेकायच्या किंचित आधी ब्रेक सोडायचा. नाक वर येतं. मग फर्स्ट गिअर, हाफ क्लच, आणि गाडी तिरकी. आधी पुढचं डावं चाक चढणार, मग उजवं, मग मागची दोन त्याच क्रमाने. हे सगळं होईपर्यंत मागे रिक्षा, टेम्पो आणि दोन शाळेच्या व्हॅन थांबलेल्या असतात. रिक्षावाला त्या वेळी काहीतरी बोलतो. काचा वर असल्यामुळे मी ते कौतुक म्हणून घेतो.

इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधक कसा असावा ते लिहून ठेवलं आहे: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, माथा गोलसर, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता येईल असा. ३.७ मीटर! म्हणजे माझी अख्खी गाडी त्यावर उभी राहील, मी वर बसून डबा खाईन आणि मग उतरून जाईन. प्रत्यक्षात आमच्याकडचा गतिरोधक उरलेल्या डांबराच्या हिशेबाने होतो. एक शाळेसमोरचा, त्याला हरकत नाही. एक मंडळाच्या मांडवासमोरचा. मांडव दहा दिवस, गतिरोधक बारमाही. एक बंगल्यासमोरचा, ज्यातले साहेब निवडणूक हरून जमाना झाला, पण वाहनं त्यांना अजून वाकून जातात. काही पिवळ्या-काळ्या प्लास्टिकचे असतात. त्यांचे तुकडे पहिल्या पावसात निघून जातात आणि बोल्ट मात्र डोकं वर काढून निष्ठेने उभे राहतात. या प्रत्येकासाठी माझा तिरकेपणाचा कोन वेगळा आहे. मुलगी म्हणते, हे लिहून काढा. थट्टेने म्हणते हे मला कळतं, पण मी खरंच विचार करतोय.

आमच्या मिस्त्रींनी हे सगळं ऐकून घेतलं. मग काही न बोलता गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही तळहात ठेवले, अंगाचा भार टाकून दाबलं आणि सोडलं. धडधाकट गाडी एकदा वर येते आणि थांबते. आमची वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, आणि पंगतीत ‘पुरे, पुरे’ म्हणत मान डोलावणाऱ्या व्याह्यासारखी डोलतच राहिली.

“शॉकअप गेलेत, काका.”

मी म्हटलं, कंपन्याच सांगतात की ८०,००० किलोमीटरच्या आसपास बदला, पण ते ८०,००० कुठले? द्रुतगती मार्गावरचे, की आमच्या गल्लीतले? आणि चालवणारा कोण, हे त्यात धरलंय का? मिस्त्री खाली वाकले आणि त्यांनी टॉर्च मारला. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. पेलताना ती जी नाचते, तो नाच थांबवायचा शॉकअपने. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. स्प्रिंग उसळली की तेलाला त्या भोकांतून रेटत जावं लागतं आणि उसळीची उष्णता होऊन ती संपते. सील गेलं की तेल बाहेर येतं. आमच्या नळीवर तेल आणि धूळ मिळून काळा चिकटा बसला होता. मग त्यांनी माझा हात टायरवरून फिरवला: उंचवटा, खळगा, उंचवटा, खळगा. शेवटी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंत टेप लावला. एक बाजू बोटभर खाली. “स्प्रिंगही बसलीय. आणि हा खालचा वेढा बघा, गंजून तुटायला आलाय.”

“चालेल की थोडे दिवस. थोडं आदळतं, एवढंच ना?”

“आदळण्याचं सोडा, काका. चाक उडतं तेव्हा ते जमिनीवर नसतं. ब्रेक काय हवेला लावणार?”

इतकं झालं आणि मला पत्ता नाही, याला शास्त्रीय कारण आहे, हे मी आवर्जून नोंदवतो. चालकाची सीट पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये असते. तिथे हेलकावा त्यातल्या त्यात कमी. मागची सीट जवळजवळ मागच्या चाकांवरच. चालकाला खड्डा आधी दिसतो, अंग आवळलं जातं, हातात धरायला स्टिअरिंग असतं. आणि झीज रोज केसाएवढी होते, कंबरही रोज तेवढंच सोसायला शिकते. थोडक्यात, गाडीची नस ओळखणारा शेवटचा माणूस म्हणजे ती चालवणारा.

मागे डावीकडे बाबा बसतात. एके काळी कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी त्यांच्याकडे होती; मागे पाट्यांची स्प्रिंग, खड्ड्यात गेली की सगळं कुटुंब एकदम उठून बसायचं. बाबा दर वेळी आरशातून विचारायचे, “आदळलं का गं?” आणि आई म्हणायची, “छे हो.” मागच्यांनी खोटं बोलायचं ही आमच्या घरची जुनी रीत. फरक इतकाच, की बाबा निदान विचारत तरी होते.

गतिरोधक यायच्या आधी बाबांचा हात दारावरच्या मुठीकडे जातो, हे मला आरशात दिसायचं. मी ते वयावर ढकललं होतं. गाडी तिरकी घातली की ती आडवी झुलते आणि शॉकअप नसले तर झुलतच राहते. तो सगळा झोका त्या एका मनगटावर यायचा. विचारलं तर म्हणाले, “गाडी जुनी, रस्ता असा. तू तरी काय करणार?”

मला खरा राग आला तो इथे, आणि तो फक्त स्वतःचा नव्हे. या शहरात बाबांच्या वयाची किती माणसं मणक्याच्या भीतीने घराबाहेर पडायची थांबली आहेत. नाटक नको, लग्न नको, बहिणीकडे जाणं नको. डॉक्टर चिठ्ठीवर ‘प्रवास टाळा’ लिहितात, आम्ही ती फाइलला लावतो. रस्ता नीट करा, असं कुणाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

असो. शॉकअप बदलले. “एकच बदलून भागेल का?” असं मी रीतीप्रमाणे विचारलं. मिस्त्री म्हणाले, एका आसावरचे जोडीनेच बदलायचे, नाहीतर एक बाजू सावरते आणि दुसरी झुलते. स्प्रिंगाही जोडीने. पुढचे स्ट्रट काढल्यावर अलाइनमेंट आलंच. बिल पाहून मी गतिरोधकाच्या आधी करतो तसं अंग आवळून घेतलं.

गाडी आता दोन बोटं उंच उभी राहते आणि गतिरोधकावरून एकदाच वर-खाली होऊन गप्प बसते. बाबांचा हात मांडीवर असतो. पण इतकी वर्षं ते बोलत नव्हते ते दात आवळून बसल्यामुळे, हे आता लक्षात येतंय. पहिल्याच फेरीत सिग्नलपर्यंत त्यांनी मला थर्ड उशिरा टाकतोस, क्लचवर पाय ठेवून चालवतोस, उजवीकडचा आरसा कुणासाठी लावलाय, एवढं ऐकवलं. पुढे शाळेसमोरचा गतिरोधक आला. मी वेग उतरवला, ब्रेक सोडला, सवयीने स्टिअरिंग वळवलं.

“सरळ घाल की रे,” बाबा म्हणाले, “मागे लोक खोळंबलेत.”