सा कालोब्रा घाटास, सा. न. वि. वि.

रा. रा. सा कालोब्रा घाट,
मु. सेर्रा दे त्रामुंताना, मायोर्का बेट, भूमध्य समुद्र.

सा. न. वि. वि.

आमच्या पत्रातला ‘सा.’ म्हणजे साष्टांग. आपल्या नावातला ‘सा’ म्हणजे तिकडच्या बोलीतलं नुसतं उपपद. पण परवा दुपारी आपला माथा गाठला तेव्हा हा फरक उरला नाही. सायकल कठड्याला टेकवली आणि कडेच्या खडीवर पालथा पडलो. मागून आलेले सत्तरीचे जर्मन आजोबा ‘ठीक ना?’ अशी खूण करून, न थांबता, पुढे गेले. ते न थांबणं फार लागलं.

तक्रार अशी, की जगातले सभ्य घाट आधी चढवतात, मग उतरवतात. आपला व्यवहार उधारीचा. कोल देल्स रेइस खिंडीतून सुमारे साडेनऊ किलोमीटर आपण फुकट घरंगळू देता. माणूस वाऱ्यावर तरंगत, स्वतःला तरुण समजत समुद्रापाशी पोहोचतो. तिथे कळतं, पुढे रस्ताच नाही. आलात तसे वर चला. सरासरी चढ ७ टक्के. ‘गृहकर्जापेक्षा स्वस्त पडलं,’ असं उतरताना मी बायकोला ओरडून सांगितलं होतं. परतीच्या तिसऱ्या वळणानंतर तिने मला त्याची आठवण करून दिली. पुढची वळणं आम्ही बोललो नाही.

आमचे घाट कामाचे. वरंधा उतरला की महाडची वाट लागते. नाणेघाटात जकातीचा म्हणून दगडी रांजण दाखवतात. तिथे म्हणे पैसे टाकले की व्यापारी सुटला. आपणही जकात घेता, पण पोटऱ्यांतून. आणि पोहोचवता कुठे? निघालो तिथेच!

बरं, आपण पूर्वापार बैलांच्या पायांनी पडलेली वाट असतात, तर समजून घेतलं असतं. आपण १९३२ साली, पाहुण्यांना खालचा किनारा दाखवावा म्हणून, आराखडा काढून बांधलेले. अभियंते अंतोनियो पारिएती यांनी बोगदा टाळला, हातांनी फोडलेला खडक भरावाला वापरला आणि चढ आटोक्यात राहावा म्हणून रस्ता डोंगरावर नागमोडी पसरला. एके ठिकाणी तर आपण २७० अंशांत वळून स्वतःच्याच खालून जाता. त्या वळणाला टायची गाठ म्हणतात. वरच्या पुलावरून खालचा रस्ता पाहताना मी थक्क झालो, हे कबूल. पण गळ्यात टाय बांधून पळायला लावणं हा छळ आहे, हे शाळेत गेलेला कुणीही सांगेल.

वेटोळी ही तर बेटाचीच खोड. न्याहारीला एन्साइमादा नावाचा गोल गुंडाळलेला, पिठीसाखर भुरभुरलेला पाव मी दोनदा मागून घेतला. त्याच्या नावातलं ‘साइम’ म्हणजे डुकराची चरबी, हे मला संकष्टीच्या दिवशी कळलं. घाटासारखंच, गोडवा आधी, हिशेब नंतर.

खाली धक्क्यावर सोलेर बंदराकडे जाणारी बोट उभी होती. सायकलीसकट घेतात का, हे मी विचारलं नाही. ‘घेतो’ म्हणाले असते, तर मी काय केलं असतं, हे मला माहीत आहे. बायकोलाही.

तरी विनंती एवढीच, की माथ्यावर एक पाटी लावावी: ‘उतार घेण्यापूर्वी अटी वाचा.’

कळावे. लोभ आहेच, व्याजासकट.

आपला ऋणको,
एक भाड्याचा सायकलस्वार

ता. क. : सायकल परत घेताना दुकानदाराने विचारलं, ‘कुठून कुठे?’ मी म्हणालो, ‘कोल देल्स रेइस ते कोल देल्स रेइस.’ तो हसला नाही. त्याच्या वहीत हा नेहमीचाच प्रवास असावा.