गाभण सिमेंट

‘शिल्पकलेतलं मला काही कळत नाही’ हे वाक्य मी पन्नास वर्षं न लाजता म्हणत आलो. मग गेल्या पावसाळ्यात दोन रविवारांचा एक कलास्वादाचा वर्ग केला आणि ते वाक्य हातचं गेलं. वर्गात मी दोन गोष्टी शिकलो. शिल्पासमोर लगेच तोंड उघडायचं नाही, हाताची घडी घालून आधी नुसतं ‘हं’ म्हणायचं. आणि शिल्पाला प्रदक्षिणा घालायची, कारण ते चारही बाजूंनी असतं. एवढ्या भांडवलावर डिसेंबरात मी बायको, मेहुणा आणि मेहुण्याची बायको अशा तिघांना घेऊन सासवण्याला निघालो.

सासवणे अलिबाग तालुक्यात, मांडव्यापासून जवळ, समुद्राकाठी. शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं हे गाव. विनायक पांडुरंग करमरकर, १८९१ ते १९६७. त्यांचं इथलं घर आता शिल्पालय आहे. पुण्यात शिवाजीनगरला मिलिटरी स्कूलच्या आवारात शिवाजी महाराजांचा जो अश्वारूढ पुतळा आहे, तो त्यांनीच केलेला. माझगाव डॉकमध्ये एकसंध ओतलेला, वजन आठ टनांच्या आसपास, १९२८ साली उभा राहिलेला. माझं सगळं बालपण त्या पुतळ्याच्या आसपास गेलं आणि तेवढ्या काळात मी त्याचा उपयोग एकच केला. ‘पुतळ्यापाशी थांब, आलोच’ असं मित्रांना सांगायचं आणि जायचं नाही.

या खेपेला मात्र मी तयारी करून निघालो होतो. वाचलेल्या सगळ्यातलं एकच वाक्य डोक्यात पक्कं बसलं होतं. करमरकरांच्या अंगणात सिमेंटची एक म्हैस बसलेली आहे आणि ती इतकी हुबेहूब आहे की येणारे फसतात. आपण फसायचं नाही, असं मी घरूनच ठरवून ठेवलं. पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ हा निश्चय आहे.

गेटवेवरून मांडव्याची बोट धरली. थंडीत या बोटींमागे सीगल लागतात. मी एका सीगलला वेफर दाखवला, त्याने पुडाच नेला. मांडव्याला उतरल्यावर शहाण्या माणसाने तिथूनच रिक्षा करावी. पण बोटीच्या तिकिटात अलिबागपर्यंतची बस धरलेली होती आणि पैसे भरलेली गोष्ट सोडून देणं मला जमत नाही. म्हणून बसने चोंढीपर्यंत गेलो आणि तिथून रिक्षा करून आलो त्याच दिशेला परत. वाचवलेल्या पैशांत आणखी पैसे घालावे लागले. मेहुणा काही बोलला नाही. तो कधीच काही बोलत नाही, नुसतं कुटुंबाच्या ग्रुपवर लिहितो.

रिक्षावाल्याने एका गल्लीच्या तोंडाशी सोडलं आणि ‘सरळ जावा’ म्हणाला. दोन्ही बाजूंना नारळाच्या वाड्या, मध्येच सुकटीचा वास. जरा पुढे गेल्यावर डाव्या हाताला एक उघडं अंगण दिसलं, आणि अंगणात म्हैस बसलेली.

मी दोन्ही हात पसरून तिघांना थांबवलं.

“हीच ती,” मी म्हणालो. “करमरकरांची. कोण म्हणेल सिमेंट आहे म्हणून?”

खरं सांगायचं तर कोणीही म्हटलं असतं. डबक्यात लोळून आलेली म्हैस उन्हात वाळली की तिच्या अंगावरचा चिखल जो राखाडी रंग धरतो, तो थेट प्लॅस्टर केलेल्या भिंतीचा असतो. पाठीवर बारीक बारीक तडे गेलेले. एका बाजूला पोपडाच निघाला होता. मी हाताची घडी घातली आणि ‘हं’ म्हणालो. मग प्रदक्षिणा सुरू केली.

“बघा,” मी सांगू लागलो, “पुढचा पाय दुमडलाय तो बघा. सगळं वजन एका कुशीवर टाकलंय. मागचं हाड कसं वर आलंय. कानाची घडण बघा. आणि इथे, या तड्यांकडे बघा. ही आपल्याकडची देखभाल! एवढ्या मोठ्या कलावंताचं काम, आणि साधं डागडुजीचं बघायला माणूस नाही.”

“अहो,” बायको म्हणाली, “तिच्यासमोर पेंढा आहे.”

“वातावरणनिर्मिती,” मी म्हणालो.

आणि देखभालीविषयीचा माझा संताप पुरा व्हावा म्हणून मी पाठीवरचा एक सुटलेला पोपडा नखाने उचकटला. खाली ऊबदार कातडी होती. त्यावर केस होते. कातडी थरथरली, आणि ज्या कानाच्या घडणीवर मी नुकताच बोललो होतो तो कान माझ्याकडे वळला. मी मागे सरलो ते नेमका शेपटीच्या टप्प्यात. म्हशीची शेपटी कोरडी नसते, हे कलास्वादाच्या वर्गात कोणी सांगितलं नव्हतं. डाव्या गालापासून सदऱ्याच्या तिसऱ्या बटणापर्यंत एकच हिरवा फटकारा. वर्गात ज्याला ओघवती रेषा म्हणतात तो.

तेवढ्यात घरातून एक आजीबाई आल्या. मला वाटलं, आता शिव्या. पण त्यांनी माझी प्रदक्षिणा खिडकीतून पाहिली असावी, कारण त्या फारच आपुलकीने म्हणाल्या, “म्हस बघाया आलाव?”

इथे खरं सांगून मोकळं व्हायचं होतं. पण ‘ही मला सिमेंटची वाटली’ हे वाक्य एका म्हशीच्या मालकिणीला कसं सांगायचं? त्यातून बायको आणि मेहुणा ऐकत होते. मी म्हणालो, “हो.”

मग आजींनी मला म्हैस दाखवली. चौथं वेत, गाभण, पुढल्या महिन्यात विणार. सध्या आटलीय, पण व्यायल्यावर दोन्ही वेळचं मिळून दहा लिटर देईल. स्वभावाने गरीब, लाथ मारत नाही. “कासंला हात लावून बघा,” त्या म्हणाल्या. मी लांबूनच ‘हं’ म्हणालो. हा हुंकार म्हशीच्या बाजारातही चालतो असं दिसलं, कारण आजींनी लगेच किंमत पाच हजारांनी उतरवली. शेवटी मोबाईल नंबर देऊन सुटका करून घेतली. तोंड धुवायला त्यांनी पाणी दिलं आणि निघताना मेहुण्याला शिल्पालयाचा रस्ताही सांगितला. मला विचारायची गरज त्यांना वाटली नाही.

शिल्पालय पुढेच होतं. फाटकातून आत शिरलो, तर अंगणात म्हैस बसलेली.

मी जागीच थांबलो. तिघं पुढे गेली, तिच्याभोवती फिरली. मेहुण्याच्या बायकोने तर तिच्या कपाळावर हात ठेवला. मी दहा फुटांवरून म्हणालो, “जपून हं.” बुद्धीला कळत होतं की ही सिमेंटची आहे, पण गालाला पटत नव्हतं. एकटक बघत होतो तो तिच्या कानाकडे. अर्ध्या तासापूर्वी मी खऱ्या म्हशीला इतक्या जवळून पाहिलं होतं, जितकं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळे हिच्यात काय काय आहे ते आता आपोआप दिसत होतं. ते बसणं, ते अंगाचं सैल ओझं, आपल्याला कशाशीच देणंघेणं नसल्याचा तो चेहरा. हे सगळं मघाशी खऱ्या म्हशीभोवती फिरताना मी बोललो होतो, पण तेव्हा त्यातला एकही शब्द मला कळलेला नव्हता.

आत घरभर माणसं होती. शंख फुंकणारा ‘शंखध्वनी’मधला तरुण, कोळीण, अर्धपुतळे, ओळखीची नि अनोळखी माणसं. दीडशेच्या आसपास शिल्पं आहेत म्हणे, मी मोजली नाहीत. करमरकरांनी लहानपणी गावातल्या देवळाच्या भिंतीवर घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. रायगड जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. तिथले कलेक्टर ऑटो रॉथफील्ड फिरतीवर आले असताना त्यांनी ते पाहिलं आणि पोराला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टला धाडलं. मी देवळाच्या भिंतीवर काही काढलं असतं तर वडिलांनी पुसायला लावलं असतं, आणि त्यांचंही बरोबरच होतं. पुढे कलकत्ता, मग लंडनची रॉयल अकादमी, पुन्हा मुंबई. एवढं सगळं करून हा माणूस सासवण्याला येऊन सिमेंटमध्ये म्हैस करतो. ब्राँझला पैसे लागतात, ओतकाम लागतं. सिमेंट तालुक्याला मिळतं, आणि म्हैस तर शेजारीच.

शंखध्वनीसमोर मी बराच वेळ उभा राहिलो. हाताची घडी घातली नाही, सदऱ्याचा वास येत होता म्हणून हात अंगापासून लांबच धरले होते. तिथल्या माणसाने मला खुर्ची आणून दिली. ती त्याने खिडकीपाशी ठेवली, वाऱ्याच्या बाजूला.

परतीच्या बोटीवर गर्दी होती, पण आमच्या बाकाच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहिली. मेहुणा खाली मान घालून दोन्ही अंगठ्यांनी काहीतरी टाइप करत होता. गेटवेला पोचेपर्यंत नाशिक, इंदूर आणि न्यू जर्सीहून हसऱ्या तोंडांच्या रांगा आल्या.

जानेवारीच्या मध्याला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बाई नव्हत्या, त्यांचा मुलगा असावा.

“दादा, म्हैस व्यायली. पारडी झालीय. आई बोलली, तुम्हाला पहिलं कळवायचं. फोटो टाकू?”

मी ‘हं’ म्हणालो. फोटो आला. आई चिखलाची, राखाडी, आणि तिला चिकटून ओलं, काळं, चार पायांवर लटपटणारं पिल्लू. मी चष्मा लावून बघत बसलो. बायकोने माझ्या हातातून मोबाईल घेतला, फोटो मोठा केला, कानापाशी नेऊन थांबवला आणि परत माझ्या हातात दिला.

“व्यवहार करायच्या आधी,” ती म्हणाली, “एकदा नखाने उचकटून बघा.”